सासूबाईंचं तैलचित्र आणि क्रीमचा डबा

"लोक सहा-सहा महिने रंग कालवत बसतात. माझी कॉफी गार व्हायच्या आत तैलचित्र तयार!" निवृत्त झाल्यापासून ऑर्व्हिल ट्वेटन भेटेल त्याला हेच ऐकवत होता. चित्रकलेशी त्याचा आजवरचा संबंध गोठ्याला लाल रंग देण्यापुरता. पण नव्या टॅब्लेटमध्ये त्याला फोटोचं चित्र करून देणारं अ‍ॅप सापडलं आणि त्याच्या अंगात चित्रकार संचारला! कुत्रा तैलरंगात झाला, बायको जलरंगात झाली, बर्फ उपसायचं यंत्रसुद्धा कोळशाच्या रेघांत उतरलं.

पण खरा डोळा होता सासूबाईंच्या बैठकीतल्या भिंतीवर. तिथे मधोमध लटकत होता धाकट्या जावयाने, रोल्फने दिलेला भुसा भरलेला मासा. ऑर्व्हिलची एकही वस्तू सासूबाईंनी, म्हणजे इंगाबाईंनी, कधी त्या भिंतीला लागू दिली नव्हती. त्याने हौसेने दिलेलं घड्याळ गोठ्यात गेलं. "तेवढीच गाईंना वेळ कळेल," असं वर कारण!

म्हणून पंच्याऐंशीव्या वाढदिवसासाठी त्याने इंगाबाईंच्या फोटोचं तैलचित्र केलं आणि कॅनव्हासवर छापून आणलं. अडचण एकच. बोट फिरवलं की सगळं गुळगुळीत! त्यावर उपाय म्हणजे एक पांढरी जेल. ब्रशने फटकारे मारत लावायची, वाळली की काचेसारखी पारदर्शक होते आणि फटकारे तेवढे हाताला लागतात. चित्रकलेच्या वर्गाला जाणाऱ्या शेजारच्या आर्लिसने त्याला थोडी जेल दिली, तीही केकवर लावतात त्या गोड क्रीमच्या रिकाम्या डब्यात. अमेरिकेतल्या मिनेसोटात क्रीमचा डबा टाकून द्यायचं पाप कोणी करत नाही. फ्रिजमधल्या अशा डब्यात सूप निघेल, उकडलेले बटाटे निघतील, क्रीम सोडून काहीही निघेल!

बायकोने, लव्हॉनने, ओट्यावरचा तो डबा पाहिला आणि नासेल म्हणून उचलून फ्रिजमध्ये ठेवला, खऱ्या क्रीमच्या डब्याशेजारी. ते क्रीम तिने आणलं होतं वाढदिवसाच्या जेली सॅलडवर, म्हणजे फळं घातलेल्या गोड हिरव्या जेलीवर, थापायला.

वाढदिवसाच्या रविवारी सकाळी ऑर्व्हिलने फ्रिजमधून हाताला लागेल तो डबा घेतला. जेलला व्हॅनिलाचा वास येत होता. 'भारीतली दिसतेय!' असं म्हणत त्याने सासूबाईंच्या गालांवर, कपाळावर सढळ हाताने फटकारे मारले, कॅनव्हास मागच्या पडवीत वाळत ठेवला आणि तो आंघोळीला गेला.

बाहेर येऊन बघतो तर त्यांचा तपकिरी कुत्रा डिझेल पुढचे पाय टेबलावर टाकून उभा! जीभ सासूबाईंच्या हनुवटीवर!

"अरे गाढवा! काय करतोयस?"

डिझेलने शेपूट हलवलं आणि उरलंसुरलं कपाळही चाटून घेतलं. ओली होऊन छपाईची शाई फरफटली होती. ऑर्व्हिलने घाबरत डब्यात बोट बुडवून चव घेतली. गोड! मग हे जर क्रीम असेल, तर लव्हॉनने काल रात्री जेली सॅलडवर काय थापलं?

लव्हॉन तर सॅलड घेऊन वाढदिवसाच्या जेवणासाठी केव्हाच चर्चच्या तळघरात पोहोचली होती. ऑर्व्हिल कॅनव्हाससकट गाडीकडे धावला.

तळघरात मंडळी रांगेत उभी होती. लव्हॉनचं हिरवं सॅलड आरशासारखं चमकत होतं. चमचा लागला की परत उडत होता, पण तक्रार करेल तर तो मिनेसोटाचा कसला!

"यंदा काय तकाकी आलीय गं, लव्हॉन!"

"मला अगदी एवढंसंच हं. पोट भरलंय."

पास्टर हॉगननी जोर लावून एक तुकडा कापला, डोळे मिटले आणि चमचा तोंडाकडे नेला.

"थांबा! रंगकामाची जेल आहे ती!" ऑर्व्हिल दारातून ओरडला.

"देवाची कृपा!" पास्टर मनापासून म्हणाले. "मी सभ्यपणे गिळणारच होतो!"

लव्हॉनने नवऱ्याकडे असं पाहिलं, की तो आपोआप सासूबाईंच्या बाजूला सरकला. आणि तिथेच फसला!

"बगलेत काय लपवतोयस?" इंगाबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई. बिघडलंय ते."

"आण इकडे."

त्यांनी चष्मा चढवला. संपलं! हे चित्र गोठ्यातही जाणार नाही.

"माझ्या सुरकुत्या कुठे गेल्या रे?"

"त्या जरा... पुसल्या गेल्या."

"लग्नात अशीच दिसत होते मी." बाईंनी चित्रातल्या गालावरून बोट फिरवलं. त्यांचा आवाज हळवा झाला होता. "रोल्फ, उद्या तो मासा काढ. तिथे हे लागेल."

ऑर्व्हिलला आनंदाने रडू यायचं बाकी होतं! "अहो आई, त्यात काय! ब्रशवर हात बसलाय माझा—"

इंगाबाईंनी चित्रातल्या आपल्या हनुवटीवरून एक आखूड तपकिरी केस चिमटीत धरून उचलला आणि दिव्यापाशी नेऊन पाहिला.

"नाताळला माझ्या बहिणीचंही एक करून दे," त्या म्हणाल्या. "तू फक्त कॅनव्हास धर. बाकीचं डिझेलला करू दे."