तेवीस जण नक्की येतो म्हणाले

मी परबकाकांचा फोटो त्यांना न विचारता सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. फोटोत काका तळमजल्याच्या खिडकीत एकटे बसलेले. खाली लिहिलं, ‘शेजारच्या ज्येष्ठांना वेळ द्या! या रविवारी चार वाजता काकांच्या घरी एक चहा.’

काकांना ओळखणाऱ्या कुणीही हा धोका पत्करला नसता. कारण मोबाइलवर ‘करा’ म्हणून जे जे येतं, ते हा माणूस खरंच करतो. आणि आपण त्याला अंगठा दिला असेल, तर आपल्याकडूनही करून घेतो.

वारा फिरला की आमच्या कांजूरमार्गला डम्पिंगचा वास थेट ताटात येतो. त्यामुळे ‘ओला-सुका कचरा वेगळा करा’ला सगळ्यांनी अंगठे दिले. मी तर वर हिरवं हृदयही पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका हातमोजे घालून दारात. माझा डबा त्यांनी जिन्यातच उपडा केला.

“कोलंबीची सालां सुक्यात? काल हिरवा काळीज धाडलंस मां? लिवलंस मां? मग करूक व्हया!”

‘झाडं लावा’च्या वेळी तर महिनाभर बेल वाजवत होते, “तुझा झाड खंय?” सेक्रेटरी दळवींनी वैतागून शोकेसमधलं प्लास्टिकचं दाखवलं. काकांनी त्याचं पान चिमटीत धरून पाहिलं आणि आठवडाभर दळवींशी बोलले नाहीत.

तर माझी पोस्ट. हृदयं, जोडलेले हात, रडके चेहरे. माझा ऊर भरून आला. ज्येष्ठांसाठी एवढं काम मी जन्मात केलं नव्हतं. तेवीस जणांनी लिहिलं, ‘नक्की येतो काका.’ त्यांत दळवी होते. मीही होतो. पोस्ट वर राहावी म्हणून मीच मला उत्तर दिलं होतं.

रविवारी दुपारी खालून खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला. मला वाटलं, कुणाकडे तरी पूजा असेल. मी आपला एकेकाचे आभार मानत बसलो. सातच्या सुमारास कुणीतरी विचारलं, ‘चहाचे फोटो टाका ना!’ तेव्हा कुठे मी खाली उतरलो.

काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सोसायटीच्या लाल खुर्च्या ते एकात एक घालत होते. टेबलावर खाजा, पालथे कप आणि दोन थर्मास. लहान थर्मासवर चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलेलं, ‘बिनसाखर, दळवी’.

“कोणीच नाही आलं?” मी विचारलं. विचारायला लाज वाटली नाही, हे मला नंतर जाणवलं.

“येतले. ट्राफिक आसतला.”

एकाच बिल्डिंगमध्ये कसला ट्रॅफिक? मी खिशातला मोबाइल खिशातच दाबून धरला. काकांनी माझ्या कपात चहा ओतला. “आला नाय घातलंय. तुका आल्याची चाय चलना नाय मां?”

हे मी त्यांना कधी सांगितलं होतं, मला आठवेना. बहुतेक कचऱ्याच्या वेळी. किंवा झाडाच्या. बेल वाजली की मी दारातूनच बोलायचो; ते मात्र सगळं लक्षात ठेवून जायचे.

“काका, लोक बिझी असतात हो...”

“बावीस जणांचा सोड,” उरलेली खुर्ची उचलत काका म्हणाले. “लिवणारो तू. चाय किती वाजता ठेवूची ता ठरवणारो तू. आणि सोळा पायऱ्यो उतरूक तुका तीन तास लागले?”