विरुद्ध बाजू

"म्हैस बैलापेक्षा श्रेष्ठ आहे," लोटननं सातवीच्या वर्गात उभं राहून निबंध वाचला. "पुरावा, माझी आई असं म्हणते."

"हा पुरावा नव्हे," चुडामण गुरुजी म्हणाले.

"मग तुम्हीच घरी येऊन तिला तसं सांगा. मी नाही सांगणार."

वर्ग हसला, गुरुजीही हसले. ते नुकतेच धुळ्याच्या शिक्षक-शिबिरातून परतले होते आणि तिथून निबंधाची एक नवीच रीत शिकून आले होते. 'गाय' आणि 'माझा आवडता सण' हे निबंध लोणपिंप्रीच्या शाळेत थोरला भाऊ धाकट्याला वारशानं देत असे. आता ते बंद. आधी आपलं मत मांडायचं, मग गावात फिरून, विचारून, मोजूनमापून पुरावा आणायचा, आणि शेवटी विरुद्ध बाजूचं म्हणणंही प्रामाणिकपणे लिहायचं. हे शेवटचं मुलांच्या गळी उतरेना.

"आपल्या विरुद्ध आपणच कशाला सांगायचं?" सुपडूनं विचारलं.

गुरुजींनी घसा बसेपर्यंत समजावलं. समजलं ते एकट्या सुगंधाला.

सातवीत ती एकच मुलगी. तिचे वडील धनसिंगनाना कापूस पिकवत, कमी बोलत, आणि एकदा बोललेलं बदलत नसत. सातवीनंतर काय, असं तिनं विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "गावमा हायस्कूल जयं तर शिक. गावबाहेर नही." झालं, विषय संपला.

आणि गावात हायस्कूल होण्याची चिन्हं खरोखरच दिसू लागली. जळगावच्या एका शिक्षणसंस्थेनं भडगाव तालुक्यात गिरणाकाठी शाळा काढायचं ठरवलं होतं. अलीकडे लोणपिंप्री, पलीकडे आमखेडे, दोन्हीपैकी एक गाव निवडायचं होतं. संस्थेचे चिटणीस पाहणीला येणार असं कळताच सरपंच झुलालआबा शाळेत आले.

"गुरुजी, तुमनं ते नवं निबंधाचं खूळ शे ना, ते आते कामाले लावा. हायस्कूल आमना गावलेच कसं पाहिजे, पोरेसले लिव्हाले लावा. साहेबासमोर वाचू द्या."

गुरुजींना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी पोरं पुराव्यासाठी गावभर सोडली. पण विरुद्ध बाजू? आमखेड्याचे लोक काय सांगतील हे आधीच ठाऊक असलं तर बरं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी सुगंधाला बोलावलं.

"तू आमखेड्याची बाजू लिही."

"गुरुजी, मला आपल्या गावाचं लिहू द्या ना."

"ते कोणीही लिहील. हे तुलाच जमेल. अगं, सरावापुरतं आहे, वाचायचं नाही."

सुगंधाची मावशी आमखेड्याला होती. आईबरोबर नदी ओलांडून ती दोनदा जाऊन आली. विहिरी पाहिल्या, मोटारीच्या ड्रायव्हरला विचारलं, म्हाताऱ्यांकडून पुराच्या गोष्टी ऐकल्या. परत आली ती गप्प गप्प. गुरुजींना वाटलं, ऊन लागलं असेल.

चिटणीस आले त्या दिवशी शाळेला आंब्याच्या पानांची तोरणं होती. पहिला सुपडू उभा राहिला. "आमच्या गावचं पाणी उत्तम आहे. पुरावा सोबत आणला आहे." त्यानं तांब्या पुढे केला. चैत्र सरत आलेला, विहिरीनं तळ गाठलेला. चिटणिसांनी तांब्यात पाहिलं, मग सुपडूकडे पाहिलं, आणि तांब्या हळूच खाली ठेवला.

मग भटू. गावात मुलं भरपूर आहेत, आपण घरोघर जाऊन मोजली, असं त्यानं ठणकावून सांगितलं. आकडा ऐकून चिटणीस चकित झाले. "एवढ्याशा गावात एवढी?"

"लग्नाला आलेली धरून," भटू म्हणाला.

लोटननं तर एका वाक्यात काम आटोपलं. "हायस्कूल आपल्याच गावात व्हावं, कारण नाही झालं तर आबा आम्हाला सोडणार नाहीत."

चिटणीस मनापासून हसले. जाता जाता सहज म्हणाले, "दुसऱ्या बाजूनंही कोणी विचार केला आहे का?"

गुरुजी काही बोलणार, तोच लोटन आनंदानं ओरडला, "केलाय! सुगंधानं केलाय! तिचा सगळ्यांत मोठा आहे!"

सगळ्या माना सुगंधाकडे वळल्या. ती उभी राहिली आणि तिनं गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी मान नुसती आडवी हलवली असती तरी ती खाली बसली असती, हे गुरुजींना कळत होतं. आबांचे डोळे त्यांच्यावर रोखलेले होते. पण वर्षभर ज्या गोष्टीसाठी घसा कोरडा केला, ती या पोरीसमोर खोटी पाडायची कशी?

"वाच," ते म्हणाले.

सुगंधानं वाचलं. पलीकडे बारमाही मोटाररस्ता आहे, आपल्याकडे पावसाळ्यात बैलगाडीही रुतते. पलीकडची विहीर उन्हाळ्यात आटत नाही. शाळेसाठी तिकडे देऊ केलेली जागा उंचावर आहे, आपल्याकडची पुरात बुडते, आणि इथे पाणी कुठवर चढलं होतं ते दाखवणारी माणसं अजून आहेत. आजूबाजूच्या खेड्यांतल्या मुलांना तेच गाव जवळ पडतं. शेवटचं वाक्य वाचताना तिचा आवाज बारीक झाला. "म्हणून, मला आवडत नसलं तरी, हायस्कूल आमखेड्यालाच व्हावं."

चिटणिसांनी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला. हायस्कूल आमखेड्याला गेलं.

गावानं गुरुजींचं दूध बंद केलं. आबा रस्त्यात गाठून म्हणाले, "आमनीच पोरगीना तोंडे आमनं हायस्कूल नदीपार धाडं तुम्ही!" मग राग जरा निवल्यावर संस्थेनं निर्णय बदलावा म्हणून तेच आबा अर्ज लिहून मागायला आले. गुरुजी दोन दिवस कोरा कागद घेऊन बसले. त्यांच्याच रीतीनं लिहायचं तर पुरावा लागत होता, आणि तो सगळा पलीकडच्या काठाला होता.

जूनमध्ये लोटन, सुपडू, भटू दप्तरं घेऊन नदी ओलांडू लागले. सुगंधा शेणी थापू लागली.

गुरुजी धनसिंगनानांकडे गेले. मुद्दे त्यांनी वाटेत मनाशी घोकले होते. मावशीचं घर आहे, सोबत आहे, पोरगी हुशार आहे, ती गावाचं नाव काढील. नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"गुरुजी, तुमनं बठ्ठं खरं शे, एकबी गोष्ट खोटी नही," ते म्हणाले. "पन मी पोरले धाडाव नही."

सुगंधाची आई भिकुबाई आत भाकरी थापत होती. तिचा हात क्षणभर थांबला, आणि पुन्हा थापण्याचा आवाज सुरू झाला.

माघात आमखेड्याच्या हायस्कूलचं पहिलं संमेलन झालं. आता गावाचा रुसवा गेला होता, कारण निबंधात पहिला नंबर चक्क लोटनचा आला होता. विषय होता, मुलींनी पुढे शिकावं का. नानांनी गाडी जुंपली आणि गुरुजींनाही बरोबर घेतलं.

लोटन अडखळत वाचू लागला. काही शब्द त्याला स्वतःलाच नवे होते. मग विरुद्ध बाजू आली. "मुलीच्या बापाला काळजी वाटते, ती खोटी नाही. नदीला पाणी येतं. लोक बोलतात, आणि ते त्याला ऐकावं लागतं. आईला कामात हात हवा असतो. बाप नाही म्हणतो तेव्हा तो दुष्ट नसतो, तो भ्यालेला असतो." गुरुजींनी मान खाली घातली. हा हात कोणाचा, हे त्यांना दुसऱ्याच ओळीला कळलं होतं. शेजारी नाना उपरण्यानं डोळे पुसत होते.

परतताना नाना कधी नव्हे ते आपणहून बोलले. "पोऱ्या हुशार निंघना. आधी बापनं मन वळखं त्यानं, मंग आपलं सांगं. तुम्ही तवय असं सांगतात ना गुरुजी, तर मी पोरले धाडी देतू."

"मग आता धाडा, नाना. जून काही लांब नाही."

"आते काय धाडनं? नरडाणाना पाव्हणासले शब्द दिधा मी. वैशाखमा तिनं लगीन शे."

गाडी नदीच्या वाळूत उतरली.

"नाना," गुरुजी म्हणाले, "ते लोटननं लिहिलेलं नाही."

"मंग कोननं?"

गुरुजींनी नुसती गावाच्या दिशेला मान वळवली. नानांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बैलांच्या पाठीकडे पाहत राहिले. कासरा हातातून सैल सुटला. बैल आपोआप घराकडे चालत राहिले.

गाव दिसू लागल्यावर नाना एवढंच म्हणाले, "माले समजनं, हे तिले सांगू नका."

सुगंधा दारातच उभी होती. हाताला पीठ लागलेलं होतं.

"गुरुजी, लोटननं नीट वाचलं का?"

"वाचलं."

"लोकांना पटलं?"

नाना पाठमोरे उभे राहून बैल सोडत होते. जोतं सुटून बैल गव्हाणीकडे गेले, तरी नानांचे हात जुवाशीच चाळा करत होते.

"बठ्ठ्यांना पटलं," गुरुजी म्हणाले.