बॅक्टेरियांच्या पार्टीचे बबनतात्या

आमच्या घरमालकांच्या बंगल्याला कुंपण नाही, पण गोठ्यामागच्या गटाराला आहे. चांगलं तारेचं कुंपण, आणि त्यावर पत्र्याची पाटी: 'हितं थुकू नये. संशोधन चालू हाय.' पाटी घरमालकांनी, म्हणजे बबनतात्यांनी, स्वतः रंगवली आहे. घोटावड्यात नवीन आलेला माणूस ती वाचून हसतो, हसून झाल्यावर थुंकतो आणि मग त्याला तात्यांचा आवाज ऐकू येतो.

मी मूळचा सांगलीकडचा. हिंजवडीतल्या एका कंपनीत कामाला आहे आणि तात्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. शेजारच्या खोलीत अनघा राहायला आली. ती परभणीची, पुण्यातल्या एका संस्थेत पीएचडी करणारी. विषय असा की, बॅक्टेरियांवर विषाणू हल्ला करतात तेव्हा बॅक्टेरिया स्वतःचा बचाव कसा करतात. असे विषाणू घाण पाण्यात भरपूर सापडतात, म्हणून तिने आल्या आल्या तात्यांना विचारलं, "तुमच्या गटारातलं थोडं पाणी नेऊ का?" तात्यांच्या जमिनीवर डोळा ठेवून आजवर पुष्कळ लोक आले होते. गटार मागणारी ही पहिलीच. म्हातारा तिथेच विरघळला.

आमच्या गावात माणूस कुठल्या पार्टीचा हे कळल्याशिवाय त्याला कुणी चहा विचारत नाही. तात्यांनी अनघाचा सगळा विषय ऐकून घेतला आणि बॅक्टेरियांची पार्टी धरली. तेव्हापासून पारावर दुसरं बोलणं नाही.

"ह्यो वायरस कसा येतो म्हाईत हाय का? प्लॉटिंगवाल्या एजंटावानी! आदी दारात पाय रोवून हुबा ऱ्हातो. मग हळूच आपला कागूद आत सरकवतो. आनि तुमच्याच घरात, तुमच्याच पिठामिठावर सोताची शंभर पोरं काडतो. शेवटाला भिताड फोडून भाईर! पन आमची मंडळी बी काय कमी न्हाईत. त्याच्या कागदाचा तुकडा फाडून जपून ठिवत्यात. गडी पुन्ना आला की तुकडा ताडून बगायचा, आनि जुळला की कातरायचा!"

हे मी अनघाला सांगितलं. ती म्हणाली, इतकं सोपं नाहीये, पण आमच्या सरांपेक्षा बरं सांगतात.

काही बॅक्टेरिया तर लागण झाली की स्वतःच मरून जातात, म्हणजे विषाणूची पैदास तिथेच थांबते आणि बाकीचे वाचतात. हे ऐकल्यावर तात्या म्हणाले, "आमच्या भावकीत असला एक बी निगाला न्हाई."

पंचाईत एवढीच, की अनघाला आनंद व्हायचा तो विषाणू जिंकल्यावर. काचेच्या बशीत बॅक्टेरियांचा पांढुरका थर, आणि विषाणूंनी त्याला पाडलेली गोल गोल भोकं. असा फोटो मिळाला की ती मोबाइल घेऊन नाचत जिना उतरायची. तात्या चष्मा लावून बघायचे. "मेली की गं समदी!" म्हणायचे, आणि हातातला चहा तसाच खाली ठेवायचे. एवढी चांगली पोरगी शत्रूला घरात पाळते, हे त्यांना कधी पटलं नाही. पण पाणी आणून द्यायला चुकले नाहीत.

एकदा तिला ताप भरला आणि नेमका त्याच दिवशी नमुना संस्थेत पोचवायचा होता. मी ऑफिसचं कारण सांगून हात वर केले. तात्यांनी बाटली ओल्या गोणपाटात गुंडाळली, मांडीवर घेतली आणि बसने पुण्याला गेले. गेटवर वॉचमनने काय आहे म्हणून विचारलं. "गोठ्याचं पानी हाय. लई अर्जंट हाय," तात्या म्हणाले. बराच वेळ त्यांना आत सोडलं नाही. परत आले ते संस्था पालथी घातल्याच्या थाटात. "समदी पोरं गटाराच्याच मागं लागलीत तितं," त्यांनी पारावर जाहीर केलं.

तात्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा हिंजवडीला टॉवरमध्ये राहतो. रहदारीमुळे येणं जमत नाही असं तो फोनवर सांगतो, आणि तात्या "व्हय, लई ट्राफिक," असं म्हणून त्याची बाजू घेतात.

अनघाचा प्रबंध लिहून होत आला तसा तात्यांचा संशोधनातला उत्साह भलताच वाढला. "पल्याडच्या वस्तीवर एका म्हशीला जुलाब लागलेत, ते पानी बगितलंस का?" "पौडला स्टँडमागं एक गटार हाय, आपल्यापरीस झ्याक." अनघा हसून म्हणायची, "तात्या, आता पुरे. झालं माझं. पास झाले की जर्मनीला जायचंय, तिथे जागा मिळालीये." तात्या मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी नवीन बाटली भरून आणायचे. म्हाताऱ्याला नाद लागलाय, असं म्हणून मी हसायचो.

तिची शेवटची तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसावं. तात्या धुतलेलं धोतर नेसून माझ्याबरोबर आले आणि पहिल्या रांगेत बसले. अनघा तासभर इंग्रजीत बोलली. त्यातलं एक अक्षर न कळता तात्या सगळं ऐकत होते. भोकांचा फोटो आला तेव्हा तेवढे "च्च" म्हणाले. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी तिला बरंच उलटसुलट विचारलं. पोरीने फाडफाड उत्तरं दिली.

मग रिवाजाप्रमाणे अध्यक्षांनी सभागृहाला विचारलं, "आणखी कुणाला प्रश्न?"

तात्या उठले. टोपी काढून हातात घेतली. अनघाच्या सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे.

"बाई," तात्या परीक्षकांना म्हणाले, "ह्या पोरीचं काय काम ऱ्हायलंय का? नीट बगा की. यखादं वरीस लागंल असं कायतरी निगंलच. भाड्याचं म्हनाल तर मी घेनार न्हाई."

सभागृह हसलं. मीही हसलो, आणि मधेच थांबलो. इतके महिने हा माणूस बाटल्या कशासाठी भरत होता ते मला तेव्हा कळलं.

अनघा हसली नाही. "राहिलंय, तात्या," ती म्हणाली. "खूप राहिलंय." सरांचा चेहरा पांढरा पडला. पदवी हातात यायची असताना भर परीक्षेत कुणी असं बोलतं का? पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. "पण ते आता माझ्यानंतर येईल त्याने करायचं."

"मग त्याला पाटवून दे," तात्या म्हणाले. "खोली झाडून ठिवतो."

आणि ते खाली बसले, टोपी दोन्ही हातांनी मांडीवर धरून.