लूमवर चढलेला लॅपटॉप

आमच्या गोडादऱ्याच्या गल्लीतले बापू कुठल्याही यंत्राला आधी तळहात लावतात आणि डोळे मिटतात. मिक्सर असो, पंखा असो. माझ्या फ्रीजपाशी असे उभे राहिले, तर घरी आलेल्या पाहुणीला वाटलं, नवसच बोलताहेत! मग डोळे उघडून म्हणतात, "पहिले ताण देखा!"

आयुष्यभर धाग्याचा ताण बघत कापड विणायचे लूम दुरुस्त केलेला माणूस. अमळनेरकडून सुरतेला आले ते इथलेच झाले. काम सुटल्यावर लोक भजनाला लागतात, हे भंगारातल्या लॅपटॉपना लागले. स्वतःच शिकले, त्यात लिनक्स नावाची फुकटची प्रणाली घालतात आणि गल्लीत वाटतात. माझाही त्यातलाच. बापूंच्या मते लॅपटॉपला दोन पडदे हवेत. एक रंगीत, चित्रांचा. दुसरा काळा, नुसत्या अक्षरांचा. "रंगीत रुसला तर काळ्यावर निभलं पाहिजे, अक्का." आता काळ्यावर मराठी धड उमटतही नाही, पण बापूंना सांगणार कोण?

गेल्या वर्षी माझा उजवा हात थरथरायला लागला. पेन तर सुटलंच. ट्रॅकपॅडवर बोट टेकवावं, तर माझी एक थरथर त्याला तीन टिचक्या वाटायची. आईच्या आठवणी लिहीत होते मी. एक दिवस अख्खं पान निवडलं गेलं आणि पुसलंही गेलं. लॅपटॉप मिटला आणि बापूंच्या ओट्यावर नेऊन ठेवला.

"घ्या परत. माझं लिहिणं संपलं."

"हात थरथरस, त्यात काय?" बापू म्हणाले. "यंत्रले समजाडनं पडस."

समजावायचं कसं? बापूंचा स्वतःचा हात दगडासारखा स्थिर. बदल करून पाहायला थरथरता हात आणायचा कुठून? तर हा माणूस लॅपटॉप घेऊन आपल्या जुन्या कारखान्यात गेला, चालू लूमच्या लोखंडी चौकटीवर मनगट टेकवलं, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि त्या हलत्या हाताने पडद्यावरचा बाण फिरवत बसला. कारागीर काम सोडून बघायला जमले. शेठ म्हणाला, "बापुकाका, आमां साडी वणशो के?" यात साडी विणणार का म्हणे!

"अक्काचा हात मोजतोय," बापू म्हणाले. "गप ऱ्हा."

आठवडाभर हेच. रंगीत पडद्यावर जमलं, पण काळ्यावर बाण पुन्हा उधळला. दोन्हींचं सांगणं वेगवेगळ्या ठिकाणी लिहावं लागतं म्हणे. बापू वैतागले, "एका घरातल्या दोन सुना, अक्का! एकीला सांगितलेलं दुसरी ऐकत नाही."

"सासराच धड बोलत नसेल," मी म्हटलं.

हसले, आणि आणखी चार दिवस घेतले.

आता बोट नुसतं टेकलं तर काही होत नाही, मुद्दाम दाबावं लागतं. तळहात लागला तरी बाण जागचा हलत नाही. घाई नाही त्याला, माझ्या बोटाची वाट बघतो. आईचं ते पुसलेलं पान मी पुन्हा लिहून काढलं. देव बापूंचं भलं करो, आणखी काय म्हणू?

परवा सहज, लॅपटॉपला समजावायला त्यांनी लिहिलेली फाइल उघडली. काही ओळींच्या सुरुवातीला जाळीची # अशी खूण होती. अशी ओळ यंत्र वाचत नाही, ती माणसासाठी असते, हे मला त्यांनीच शिकवलेलं. एका ओळीत होतं, 'अक्कांचा हात संध्याकाळी जास्त हलतो, म्हणून बाण आणखी सावकाश.' आणि तिच्याखाली, 'शोभाचा हात असाच हलायचा. मी तिला नीट धर, नीट धर म्हणत राहिलो.'

शोभा म्हणजे बापूंची बायको. तिला जाऊन सहा वर्षं झाली. दुपारी माझ्याकडेच बसायची.

रविवारी बापू लॅपटॉप तपासायला येतात. त्यांच्या ओळीखाली मी जाळीची खूण टाकली आणि एकेक अक्षर दाबत लिहिलं, 'बापू, तुम्ही ओरडायचात हे ती मला सांगायची. कप फुटला की दुसरा चहा करून तुम्हीच तिला पाजायचात, हेही सांगायची. आणि हे सांगताना लाजायची.'