शेषोजीराजे यांनी डोंगर राखिला त्याची हकीकत

श्री. ज्याने डोंगर उंच केले आणि माणसाचे गुडघे मऊ केले त्या परमेश्वरास दंडवत घालोन वृत्तांत लिहितो तो ऐसाजे. शके सोळाशेंच्या सुमारास, नक्की साल लेखकाचे ध्यानी नाही, चैत्रमासी एके राज्यी शेषोजीराजे गादीवर होते. राजे न्यायी, उदार, देहाने ताडमाड, परंतु उंचीचे भय ऐसे की सिंहासनाच्या पायऱ्या काढवून ते जमिनीवर ठेविले आणि पलंग सोडून चटईवर निजत. राज्याचे सीमेवर उभा कातळी सुळका, त्याचे पोटी झरा, आणि साऱ्या शहरास पाणी त्याच झऱ्याचे. पल्याडचे हैबतराजे म्हणत, डोंगर आमचा. भांडण दोन पिढ्या चालिले, मग दोहों दरबारांनी बेलभंडार उचलोन ठराव केला की, ज्या राजाचा पाय माथ्यास आधी लागेल त्याचा डोंगर आणि झरा. चाकरांनी माथ्याअलीकडचे खिंडीत थांबावे, आणि दोघे राजे खिंडीत परत येईतो ज्याचा चाकर पुढे पाऊल टाकील त्याचा हक्क बुडाला. हे ऐकोन राजांस घाम फुटला. राणीसाहेब गुणवंताबाई बोलिल्या, "पाणी गेले तर शहर उठेल. बायका हंडे घेऊन कोणाचे दारी जातील?" राजे बोलिले, "आमचेच दारी येतील, आणि आम्ही काय देणार?" ऐसे म्हणोन राजे रडले, कारण प्रजेवर माया खरी होती.

मग सुमुहूर्त पाहोन स्वारी निघाली, आणि पायथ्याशी वाजंत्री वाजली, आणि कातळ लागताच ती आपोआप बंद पडली, कारण वाजवणारांस दोन्ही हात चढावयास लागले. आमचे दरबारी रीत ऐसी की राजांचे डोक्याहून कोणाचे डोके वर नसावे आणि राजांचे देहास चाकराने हात लावू नये. म्हणजे वरून दोर टाकावा तर बेअदबी आणि खालून हात द्यावा तरीही बेअदबी. राजे तर पुरुषभर कातळावर पालीसारखे चिकटोन राहिले, वर जाईनात, खाली येईनात. तेव्हा कारभारी नारोपंत यांनी भाल्याचे दांड्यास गादीवरचा लोड बांधिला आणि मागून अदबीने रेटा दिला. राजांनी विचारिले, "पंत, हे काय?" पंत बोलिले, "सरकार, बैठक आहे." ऐसी बैठक खालून सरकत गेली आणि राजे वर सरकत गेले, आणि उन्हे चढता खिंडीत पावले.

खिंडीपुढे राजे एकटे. दोहीकडे दरी, म्हणोन डोळे मिटून रांगत माथ्याखालचे कपारीस गेले, तो हैबतराजे तेथे आधीच बसलेले. हैबतराजे ठेंगणे, परंतु तोंडाने थोर. माथ्याचा शेवटचा धोंडा दीड पुरुष उंच आणि ऐसा गुळगुळीत की त्यावर उड्या मारून हैबतराजांची दोन्ही कोपरे सोलली होती. पुढील बोलणे आम्ही खिंडीतून ऐकिले, वारा आमचेकडे होता. हैबतराजे बोलिले, "एकाने वाकावे तर दुसरा चढेल. आपण चढता की वाकता?" शेषोजीराजांनी एक डोळा उघडोन दरी पाहिली. "आमच्याने आता वीतभर वर जाववत नाही," ऐसे बोलोन हुंदका दिला आणि वाकले. हैबतराजे त्यांचे खांद्यावरून माथ्यास गेले आणि डोंगर आमचा म्हणोन गर्जले. त्यांचे लोकांनी शिंगे फुंकिली. आमचेकडे नारोपंत लोडावर मटकन बसले.

मग हैबतराजे उतरावयास वळले आणि तेव्हा प्रथमच त्यांनी खाली पाहिले. पाहोन बसले. बसोन पालथे जाहले. म्हणाले, "राजे, खांदा जरा पुढे करा." शेषोजीराजे बोलिले, "आता आम्हांस निरोप असावा. डोंगर आपला जाहला, मालकाने आपले डोंगरावर सुखे नांदावे. परक्याचे मुलखात आम्ही फार वेळ थांबणे बरे नव्हे." हे ते भोळेपणे बोलिले की कसे, याविषयी दरबारी दोन मते आहेत. हैबतराजे बोलिले, "आम्ही चाकरांस हाक मारतो." शेषोजीराजे म्हणाले, "मारावी. हक्क बुडेल." मग ऊन तापले, धोंडा तव्यासारखा जाहला, आणि हैबतराजे कूस बदलू लागले. म्हणाले, "अर्धा झरा देतो." शेषोजीराजे बोलिले, "अर्धा खांदा कैसा द्यावा?" शेवटी हैबतराजांनी डोंगर आणि झरा सोडिला. शेषोजीराजे बोलिले, "मोठ्याने सांगा, आमचे पंतांस कमी ऐकू येते." तेव्हा हैबतराजांनी ऐसा आवाज काढिला की दोहों दरबारांनी ऐकिले, आणि शेषोजीराजांनी डोळे मिटूनच त्यांस खांद्यावर घेऊन उतरविले. घरी येताच राणीसाहेबांनी पुसिले, "वरून मुलूख कैसा दिसला?" राजे बोलिले, "हैबतराजांस विचारावे." आणि हंडाभर पाणी उभ्याने प्याले.

येणेप्रमाणे डोंगर राखिला, झरा राखिला, आणि शहर जागचे हलले नाही. माथ्यास मात्र आमचे राजांचा पाय कधी लागला नाही. दरबारचे चित्रात लागलेला आहे, परंतु चितारी आमचा व्याही पडतो, म्हणोन त्याविषयी अधिक लिहीत नाही.