डुंबरे सरांचा बेसबॉल

जुन्नरच्या आसपास कुठेही क्रिकेटचा सामना चालू दिसला की डुंबरे सर स्कूटर थांबवतात आणि धावणाऱ्या फलंदाजाला बेसबॉलच्या रिवाजाने ओरडून सांगतात, "बॅट टाक अन् पळ!" एकदा एकाने खरंच टाकली. तो धावचीत झाला. अख्खा संघ सरांकडे वळला. सर म्हणाले, "खेळच चुकीचा हाय तुमचा, त्याला मी काय करू?"

सर माझे शेजारी. इथल्या कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. कॉलेजात बेसबॉल आला तो विद्यापीठाकडून आलेल्या एका खोक्यातून. ते सरांनी उघडलं. आत बॅटी, चेंडू आणि हातमोजे, सगळे डाव्या हाताचे. सरांनी त्याच दिवशी तक्रार केली, उजवे आलेले नाहीत. या खेळात मोजा एकाच हातात घालतात, असं उत्तर आलं. ही हकीकत ते स्वतःच सांगतात आणि वर म्हणतात, "मागितले ते बरंच केलं. न मागता देतं कोण?"

खेळाडू त्यांनी मैदानावर कधी शोधले नाहीत. पिकं दाण्यावर आली की ते गावोगाव फिरायचे आणि पिकातल्या उंच माळ्यावर उभं राहून गोफणीने पाखरं हाकणाऱ्या मुली हेरायचे. त्या मुलींनी कॉलेजला दोनदा आंतरमहाविद्यालयीन अंतिम फेरीत नेलं. त्यातली एक आज फौजदार आहे.

सर निवृत्त झाले. यंदा कॉलेजने मैदान क्रिकेटच्या वर्गांना दिलं आणि बेसबॉल बंद करायचं ठरवलं. सर भांडायला गेले. प्राचार्य म्हणाले, "नऊ मुली आणा, संघाचं नाव पाठवतो."

सरांनी स्वतःच्या रानात कांदा लावला नाही. चुन्याने रेघा मारल्या. भावकी बांधावर जमली.

"राव, ह्यात पिकणार काय?"

"पोरी," सर म्हणाले.

आठ जमल्या. नववी घाटघरची चंद्रा. तिचे वडील सोमाभाऊ सरांच्या ओट्यावर येऊन बसले. "सर, सांजच्याला बिबट्या फिरतो. पोरीनं यायचं कसं?"

"जीपमधी मी बसवीन. फाट्यावर तुमी उभं ऱ्हावा. पोचली की मला मिस कॉल. येक दिवस पोर पोचली न्हाई, तर खेळ मी बंद करीन. प्राचार्य न्हाई, मी."

नऊ झाल्या. संघाचं नाव विद्यापीठाकडे गेलं.

परवा संध्याकाळी मी सरांकडे होतो. फोन मांडीवर. एकेक घंटी वाजून थांबत होती आणि सर गावं सांगत होते, "खोडद. ओतूर." घाटघर येईना. अंधारून आलं. सरांनी बूट चढवले, स्कूटरला बॅट बांधली.

मी म्हणालो, "घाटाकडे रेंज जाते-येते, सर."

"ठाव हाय मला."

तेवढ्यात फोन वाजला. या वेळी घंटी थांबली नाही. सरांनी उचलला. चंद्राचा आवाज मलाही ऐकू आला. "सर, जीप पंक्चर व्हती. आत्ता पोचले. आबा शेजारीच हायेत. तुमी जेवला का?"

"कवाच," सर म्हणाले. त्यांनी फोन ठेवला, बूट काढले आणि एकट्यापुरता भात लावायला आत गेले.