मुख्य खरीददार मंजुळाबाई

वरून आलेला तक्ता नारायणराव नाझरांनी चौथ्यांदा वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि समोरच्या कारकुनाला म्हणाले, "तुळशीराम, याच्यात निरंक लिहिता येत नाही."

तुळशीराम हबकला. बुलढाणा जिल्ह्यातल्या त्या तहसील कचेरीत येणाऱ्या निम्म्या तक्त्यांत 'निरंक' हा एकच शब्द भरून जात असे. तालुक्यात रोगाने मेलेले उंट, निरंक. तालुक्यातून बाहेर गेलेले हस्तिदंत, निरंक. हा तक्ता तर त्याहून मोठ्या घरचा होता. त्यावर छापले होते, 'गतवर्षी परराज्यांस विकलेली सरकारी हत्यारे व त्यांचे मुख्य खरीददार.' मुळात तो दिल्लीच्या एखाद्या बड्या खात्यासाठी छापला असावा. पण प्रती जास्त छापल्या गेल्या, की त्या फिरत फिरत वऱ्हाडातल्या तहसिलींपर्यंत यायच्याच.

"नाझरसाहेब, आपन कोनत्या राज्याले हत्यारं विकले?" तुळशीरामने विचारले.

"जप्तीच्या मालखान्यातल्या बत्तीस तलवारी मागच्या साली लिलावात गेल्या का नाही? कादर शिकलगारानं घेतल्या. त्याचा माल कुठं खपते?"

"मोगलाईत."

"मोगलाई कोनाची?"

"निजामाची."

"मग?" नारायणरावांनी टाक दौतीत बुडवला.

वऱ्हाडचा कारभार तेव्हा मध्यप्रांताला जोडून नागपुराहून चाले आणि तालुक्याच्या दक्षिणेला निजामाची हद्द लागे. तिकडे सोयरिकी होत्या, बाजार होते, रोजचे जाणे-येणे होते. पण मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता, त्यामुळे पलीकडे गेलेली वस्तू सरकारी हिशेबी परदेशी गेली.

नारायणरावांविषयी दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एकदाही 'खुलासा करावा' असे पत्र आले नव्हते. हे पत्र ज्याला येते, त्याने काहीतरी चुकीचे केले असे वरच्यांनी ठरवलेलेच असते. आपण पेन्शनीत जाऊ ते नोकरीच्या कोऱ्या चोपडीने, हे त्यांचे आयुष्याचे स्वप्न होते आणि पेन्शनीला फक्त दीड वर्ष उरले होते. दुसरी गोष्ट म्हणजे मालखाना सांभाळणारे नाझर म्हणून त्यांचा रजिस्टरचा नियम. वस्तू ज्या नावाने मालखान्यात आली, त्याच नावाने बाहेर जाईल. मध्ये तिचे काय झाले याला रजिस्टरात रकाना नव्हता, आणि जिथे रकाना नाही तिथे नारायणराव काही लिहीत नसत. खाडाखोड तर त्यांनी जन्मात केली नव्हती.

त्या बत्तीस तलवारी बिनपरवाना सापडलेल्या, गंजलेल्या होत्या. लिलावाआधी कायद्याप्रमाणे कादरने स्वतःच कचेरीच्या आवारात घण घालून प्रत्येकीचे दोन तुकडे केले होते. पण तलवारी म्हणून आल्या, म्हणून तलवारी म्हणूनच गेल्या. तुकड्यांना रकाना नव्हता.

उंद्रीहून कादर बाजाराला आला, तेव्हा नारायणरावांनी त्याला बोलावून घेतले.

"कादर, त्या तलवारीचं काय केलं तू?"

"काय करतो मालक? ईळ्या केल्या. बुडाच्या तुकड्याचे अडकित्ते केले."

"ते तुझं तू. तलवारी गेल्या कुठं?"

"जाफराबादच्या बाजारात. एकतीस तिकडं खपल्या. एक इथंच एका बाईनं नेली."

"इथलं राहू दे. तक्त्यात परराज्यच इचारलं हाये. सगळ्यात जास्त कोनं घेतल्या?"

"मंजुळाबाई पाटलीन. तिनं एकटीनं अकरा उचलल्या."

"कशासाठी?"

"घरात वापराले. आखीन कशासाठी?"

नारायणरावांनी वळणदार अक्षरात तक्ता भरला. हत्यारे, तलवारी एकतीस. राज्य, निजाम सरकार. मुख्य खरीददार, मंजुळाबाई. उद्देश, घरगुती वापर. एकही रकाना रिकामा राहिला नाही, याचे त्यांना इतके समाधान वाटले की त्या दिवशी ते घरी जाताना पेढे घेऊन गेले.

दीड महिन्याने बुलढाण्याहून पोलीस इन्स्पेक्टर आला. बरोबर दोन बंदूकधारी शिपाई होते. तहसीलदारसाहेबांनी त्याचा कागद वाचला, नारायणरावांकडे पाहिले आणि मान अशी काही फिरवली की जणू या माणसाला ते आजच प्रथम पाहत होते. सगळ्या प्रांतात फक्त याच तहसिलीने परराज्याला हत्यारे विकली होती, तीही कोणाला न विचारता, एका बाईला.

कादरला उंद्रीहून आणून कचेरीच्या कोठडीत बसवले. इन्स्पेक्टरने वही उघडली.

"ही मंजुळाबाई कोण?"

"पाटलीन हाये साहेब. मोठं घर हाये."

"माणसं किती बाळगते?"

"चाळीसक असतील जेवाले."

इन्स्पेक्टरने 'चाळीस' लिहून खाली रेघ मारली. "घोडी?"

"एक हाये. तिच्या दिराची. लंगडते."

"अकरा तलवारी एकदम कशाला घेतल्या?"

"तलवारी नाई साहेब, ईळ्या. पोरीच्या रुखवतात द्याले. पाच पोरी तिच्या, सहा दिराच्या. एकाच मांडवात लग्न उरकले."

"रजिस्टरात काय आहे?" इन्स्पेक्टरने नारायणरावांना विचारले.

"तलवारी," नारायणराव म्हणाले.

"माणूस कोठडीत बसला की काहीही बोलतो," इन्स्पेक्टर म्हणाला. "रजिस्टरला खोटं बोलायचं काय कारण? बरं, एकतीस तिकडे गेल्या. बत्तिसावी कुठाय?"

कादरने एकवार नारायणरावांकडे पाहिले आणि खाली बघितले. "गावातच एका बाईनं नेली. बाजाराच्या गर्दीत तोंड ध्यानात नाई राह्यलं."

आता मोगलाईत शिरायचे तर निजाम सरकारची परवानगी लागणार, तिला सहा महिने. तेव्हा कादरची बायको गौसिया हिला बैलगाडीने मंजुळाबाईला आणायला पाठवले, आणि ती येईपर्यंत बत्तिसाव्या तलवारीसाठी गाव झडायला घेतले. पहिल्या दिवशी एका कीर्तनकाराच्या घरातून नाटकातली लाकडी तलवार मिळाली. दुसऱ्या दिवशी गावातल्या बायकांनी घरातल्या विळ्या, सुऱ्या, खुरपी, उलथणीसुद्धा कणगीत लपवली आणि दोन दिवस लोकांनी भाजीच्या फोडी हाताने मोडून खाल्ल्या. लाकडी तलवार नारायणरावांनी रीतसर नोंदवली. 'तलवार, एक.' लाकडाला रकाना नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तहसीलदारसाहेब त्यांच्या कानाशी लागले. "नारायणराव, अजून वेळ गेली नाही. तलवारीवर रेघ मारा, वर 'भंगार' लिहा. इन्स्पेक्टरला मी सांभाळतो. नाहीतर तुमच्याकडे खुलासा तर मागतीलच, पण तो शिकलगारही पाच-सात वर्षं आत जाईल."

आपल्याकडे खुलासा मागतील याचे भय नारायणरावांना दोन दिवस होतेच. पण कोठडीच्या गजांआडून कादर जेव्हा म्हणाला, "मालक, माह्या भात्यावर कोनाले बसवू नका, मोडून टाकतील," तेव्हा त्यांना स्वतःच्या वळणदार अक्षराची लाज वाटली. ज्या माणसाने काही केले नव्हते, त्याला आपल्या स्वच्छ रजिस्टरने आत बसवले होते. टाक उचलून त्यांनी 'तलवारी' या शब्दापर्यंत नेला. मग परत दौतीत ठेवला. "जेवून आल्यावर करतो," ते म्हणाले.

त्या दिवशी इन्स्पेक्टरचे जेवण नाझरांकडेच होते. ओसरीवर पाट मांडला होता. नारायणराव पाण्याचा तांब्या आणायला स्वयंपाकघरात गेले. त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई लाल भोपळा चिरत बसल्या होत्या. सगळ्या गावाने विळ्या लपवल्या, पण नाझरांच्या घराची झडती कोण घेणार, म्हणून त्यांची विळी बिनघोर बाहेर होती.

"बाजारातून आणली तेव्हा भारी म्हणत होता मेला," त्या कुरकुरल्या. "म्हणे सरकारी लोखंड हाये, नंबरी माल हाये. भोपळ्यात अर्ध्यात अडकून बसते."

नारायणरावांचे लक्ष पात्याकडे गेले. पात्यावर ठोकलेला आकडा होता, सतरा. मालखान्यातल्या प्रत्येक तलवारीवर असा आकडा त्यांनी स्वतः छिन्नीने ठोकला होता, आणि सतराचा सात थोडा वाकडा पडल्याचे त्यांना अजून आठवत होते.

"ही तू कादरपासून घेतली?"

"हो. त्यालाच इचारा की. चांगला ओळखते मले, वहिनी म्हणते."

कादरला तोंड ध्यानात नव्हते म्हणे. तीन दिवस तो कोठडीत बसून होता आणि नाझरांच्या घरी पोलीस येऊ नयेत म्हणून गप्प होता. नारायणरावांचे डोळे भरून आले. ती विळी चुलीमागे सरकवली असती, तर कोणाला काही कळले नसते; चोपडी कोरी राहिली असती. त्यांनी अडकलेल्या भोपळ्यासकट विळी उचलली, ओसरीवर नेली आणि इन्स्पेक्टरच्या ताटापुढे ठेवली.

"साहेब, बत्तिसावी तलवार सापडली. माझ्याच घरात होती."

इन्स्पेक्टरने विळीकडे पाहिले. भोपळ्याकडे पाहिले. मग आकडा वाचला आणि खिशातली यादी काढून सतरा नंबर शोधला. तो होता.

तेवढ्यात अंगणात बैलगाडी थांबली. गौसिया खाली उतरली आणि तिच्यामागून एक धिप्पाड बाई काखेत विळी घेऊन थेट ओसरीवर चढली.

"सरकार कोन हाय इथं?" तिने विचारले.

सगळ्यांनी इन्स्पेक्टरकडे पाहिले.

"तुम्ही का? मी मंजुळाबाई. बरं झालं बोलावलं, मीच येणार व्हते. नंबर हाय म्हून सरकारी माल समजून अकरा घेतल्या मी. अकरा पोरी नांदायला गेल्या आन् अकरा घरून निरोप आला, का ईळीला धार ऱ्हात नाही. थोरलीच्या सासूनं तर ही परत धाडली. कामून असा माल विकता तुम्ही? आमच्या राज्यात तुमचं नाव खराब होतंय, कळतं का?"

एवढे बोलून तिने आपली विळी मांडली, पायाखाली दाबली आणि नाझरांचा अडकलेला भोपळा ओढून काढून न चिरलेल्या बाजूने तिच्यावर घातला. तीन बोटे आत जाऊन पाते अडकले. सरकारी हत्याराची अशी परीक्षा इन्स्पेक्टरने आयुष्यात पाहिली नव्हती. त्याने वही काढली, 'चाळीस माणसे' आणि 'घोडी एक' यांच्यावर आडवी रेघ मारली, आणि ताट पुढे ओढून म्हणाला, "त्या शिकलगाराला सोडा. आणि बाईंना आधी धार लावून द्यायला सांगा."

कादर सुटला. संध्याकाळपर्यंत त्याने दोन्ही विळ्यांना धार लावून दिली, आणि वहिनींच्या विळीला तर दोनदा. नारायणरावांनी त्याला फक्त एवढेच विचारले, "काऊन नाही सांगितलं बे?"

"तुमच्या घरी पोलीस धाडू का मी?" कादर म्हणाला आणि भाता आवरू लागला.

इन्स्पेक्टरचा अहवाल पोलिसांकडे गेला आणि गोपनीय म्हणून तिथेच राहिला. रजिस्टरात खाडाखोड झाली नाही. चोपडी कोरीच होती. नारायणरावांनी मात्र धडा घेतला. पुढच्या वर्षी तोच तक्ता आला, तेव्हा खरोखरच काही विकले गेले नव्हते, म्हणून त्यांनी मोठ्या आनंदाने लिहिले, 'निरंक.'

पेन्शनीला एकवीस दिवस उरले असताना वरून लखोटा आला. हा तक्ता पाहणाऱ्या खात्याचा पोलिसांशी काही संबंध नव्हता. त्यांच्यापुढे दोन वर्षांचे दोन आकडे होते, एकतीस आणि निरंक. पत्रात लिहिले होते, 'प्रांतात परराज्यी हत्यारविक्रीत गतवर्षी अग्रेसर असलेल्या आपल्या तहसिलीची विक्री यंदा एकाएकी शून्यावर का आली, याचा खुलासा करावा.'

ते शेवटचे दोन शब्द दोनदा वाचून नारायणरावांनी लखोटा मिटला. घरी गेले, जेवले नाहीत. सत्यभामाबाईंनी विचारले तेव्हा म्हणाले, "आला." मग सकाळी लवकर कचेरीत जाऊन त्यांनी एकतीस वर्षांत, नाही, आता बत्तीस वर्षांत, पहिला आणि शेवटचा खुलासा लिहिला, नेहमीच्या वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड न करता:

'मुख्य खरीददार मंजुळाबाई यांच्या घरातील सर्व मुलींची लग्ने गतवर्षीच झाली आहेत. नाती अद्याप पाळण्यात असल्याने निजाम सरकारच्या राज्यातून पुढील चौदा वर्षे मागणी संभवत नाही.'